बँकेच्या साहेबांना मी दाखवलेले घर

घर घेण्याच्या कामात किमान चार जाणकार लागतात, आणि त्या चौघांचे काम मी एकटा बिघडवू शकतो.

रत्नागिरीतले इब्राहिमभाईंचे चिऱ्याचे घर घ्यायचे ठरले, तेव्हा शिक्षकी सवयीने मी पत्नीला, सुमनला, पाठ दिला. "एजंट घर दाखवतो. वकील जुने कागद तपासून मालकीची खात्री करतो. बँकेचा मूल्यांकनकार घराची किंमत ठरवतो आणि तेवढ्यावरच कर्ज मिळते. शेवटी निबंधकाच्या कचेरीत खरेदीखत नोंदले जाते."

"कळलं. तुम्ही फक्त सह्या करा," सुमन म्हणाली. (परसातली विहीर तिला इतकी आवडली होती, की दोरी घेऊन झाली होती!)

शनिवारी मी सहज तिकडे फेरी मारली, तर एक गृहस्थ टेप लावून पडवी मोजत होते! फोटो काढत होते! मूल्यांकनकार सोमवारी येणार, अशी माझ्या वहीत नोंद होती. (माझी वही चुकत नाही.) शिवाय एजंटाने बजावलेच होते, "गुरुजी, मुंबईचं एक गिऱ्हाईक मागे लागलंय हां!" मी निष्कर्ष काढला : हेच ते गिऱ्हाईक. त्याला पळवून लावणे क्रमप्राप्त होते.

"आपण कोण?" त्यांनी विचारले.

"शेजारी." (माझे पहिले असत्य, तेही अपूर्ण वाक्यात!)

"बरं झालं भेटलात. भिंतींना ओल येते का हो?"

"ओल? श्रावणात कपाटात अळंबी उगवतात!"

"आणि विहीर?"

"मे महिन्यात इतकी खारट, की आमटीत मीठ घालावं लागत नाही!"

ते लिहून घेऊ लागले. समोरचा लिहून घेतो आहे असे दिसले, की शिक्षकाला भान राहत नाही. मी वाळवी सांगितली, फणसावरचा मुंजा सांगितला.

"हद्दीचा काही वाद?"

"वाद? माझंच भांडण आहे!"

इतक्यात इब्राहिमभाई चहा घेऊन बाहेर आले. "अरे वा, ओळख झाली! साहेब, हेच आमचे गुरुजी, घर घेणारे. गुरुजी, हे बँकेचे साहेब. सोमवारचे आजच आले."

साहेबांनी आपल्या टिपणांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गुरुजी, मग भांडण नेमकं कोणाशी?"

"तूर्त... स्वतःशीच."

सगळे ऐकल्यावर इब्राहिमभाई म्हणाले, "पंचवीस वर्षं राहिलो हो इथे! मुंजा मला कधी भेटला नाय!"

अहवाल गेला आणि कर्ज अडकले. सुमन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्याऐवजी बँकेच्या मॅनेजरांशी बोलली. ते दुसरा मूल्यांकनकार पाठवायला तयार झाले, पण एका अटीवर : गुरुजी तिथे नकोत!

दुसऱ्या पाहणीच्या दिवशी सुमनने मला पहाटेच्या एसटीत बसवले. "हेदवीच्या गणपतीला जा. मी फोन करेपर्यंत परतू नका. आणि एसटीतही कोणाला घराबद्दल काही सांगू नका!"

दुपारी फोन आला. "पाहणी झाली. नवे साहेब म्हणाले, घर उत्तम आहे. कर्ज मिळेल."

मुलांच्या गैरहजेरीवर मी जन्मभर संतापलो. माझे स्वतःचे घर मात्र केवळ माझ्या गैरहजेरीमुळे झाले!