सहलीआधीचा निबंध

शिक्षकांच्या खोलीत किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटावरच्या जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यांसारखे ते आपोआप साठतात. झाडायला घेतलं की एखादा हाती लागतो आणि झाडणं राहून जातं. वागळे इस्टेटजवळच्या आमच्या शाळेत सध्या कान्हेरीच्या सहलीचा गठ्ठा सगळ्यात वर आहे.

मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं होतं, राष्ट्रीय स्मारकाला एकच भेट द्यायची आणि त्यात सगळे विषय शिकवायचे. मग आम्ही लेणी वाटून घेतली. इतिहासाला शिलालेख, विज्ञानाला पाण्याची टाकी, मराठीला निबंध. मी गणिताचा. मला पायऱ्या मिळाल्या!

*

मराठीच्या लेले बाई फार शिस्तीच्या. सहलीनंतर लगेच परीक्षा, म्हणून त्यांनी 'आपली कान्हेरीची सहल' हा निबंध चार दिवस आधीच लिहून घेतला. नववीतली एकोणचाळीस मुलं लेणी पाहून थक्क झाली. तिघांचा तर परतताना पाय निघत नव्हता.

चाळिसावी प्रणाली. तिच्या पानावर एकच ओळ होती, 'बाई, आपण अजून गेलो नाही.'

बाईंनी तो कागद न तपासताच बाजूला ठेवला. निबंधाला दहा मार्क होते आणि प्रणाली मराठीत काठावरची. हे दहा गेले असते तर ती नापास झाली असती. मी तिचा वर्गशिक्षक, त्यामुळे रदबदली करायला गेलो. बाई म्हणाल्या, "सर, कोऱ्या पानाला तुम्ही गणितात मार्क देता का?" मी निमूटपणे परत आलो, पण पोरीची काळजी काही जाईना.

*

सहलीत मी मुलांना पायऱ्या मोजायला लावल्या. चाळीस मुलांची एकतीस वेगवेगळी उत्तरं आली. मी स्वतः मोजल्या, ते बत्तिसावं. शेवटी सरासरी काढायला लावून अब्रू वाचवली.

*

विज्ञानाचे सावंत सर टाक्यांपाशी उभे राहून, खडकातल्या पन्हळीतून पावसाचं पाणी कसं साठवायचे ते समजावत होते. घोडबंदर रोडला राहणारा ओंकार मन लावून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, यांच्या सोसायटीला टँकर नाय लागायचा?"

सरांनी वही मिटली. पुढे शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

इतिहासाच्या म्हात्रे सरांनी सांगितलं, की कल्याणच्या एका सोनाराने इथे टाकं खोदवून दिल्याचं शिलालेखात आहे. डोंबिवलीच्या सावंत सरांना ते झोंबलं. आमच्याकडचं कोणीच नाही का, म्हणून त्यांनी विचारलं.

"आले असतील की," म्हात्रे सर म्हणाले, "पण नाव कोरेपर्यंत थांबले नसतील. तुम्ही तरी शाळा सुटल्यावर कधी थांबता?"

*

मोठ्या चैत्यात सावंत सरांचा प्रतिध्वनीचा प्रयोग होता. सगळ्यांनी आत जाऊन एकदम ओरडायचं होतं. मुलं आत घुसणार, एवढ्यात प्रणाली दाराशी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली. लेले बाई तिला म्हणाल्या, हे स्मारक आहे, इथे बूट चालतात.

"चालतात बाई. पण आजी इथे वंदना करते. मी बूट घालून कशी जाऊ?"

"म्हणजे तू आधी आली आहेस?"

"दरवर्षी येतो आम्ही."

"अगं, मग निबंध का नाही लिहिलास?"

प्रणालीने दुसरी नाडी सोडली. "तुम्ही आपली सहल लिहायला सांगितलेली ना. आपण कुठे आलेलो तेव्हा?"

बाईंनी भिंतीला हात टेकून सँडलचे पट्टे सोडले. मग म्हात्रे सरांनी बूट काढले, मी काढले, मुलांनी काढले. आत कोणी ओरडलं नाही. सावंत सरांच्या वहीतला प्रतिध्वनीचा रकाना कोराच राहिला.

सोमवारी बाईंनी निबंध परत दिले. एकोणचाळीस कागदांवर लाल शाईत 'पुन्हा लिहा' होतं. प्रणालीला दहापैकी नऊ मिळाले.

एक मार्क तारीख घातली नाही म्हणून कापला होता.