मेहुण्यांचं मोजूनमापून जेवण

आमच्या मेहुण्यांइतकं बारीक बघणारा माणूस चाकणच्या आसपास दुसरा झाला नाही. एका कंपनीत ते तयार सुटे भाग तपासायचे आणि केसाएवढा ओरखडाही त्यांना चुकवून पुढे जात नसे. माझ्या लग्नात त्यांनी भटजींना थांबवून माझा तिरका फेटा सरळ केला होता. जेवताना मात्र ही चिकित्सा नसायची. मटणाचा रस्सा ते वाटीनं नव्हे, पातेल्यानं घेत.

अंधारात मात्र ते लहानपणापासून चाचपडायचे. चाळिशीत बाजूचंही दिसेनासं झालं, तेव्हा मी त्यांना पिंपरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या पेशींमधलं एक एन्झाइम जन्मापासून काम करत नाही. प्रथिनांतून येणारा एक घटक त्यामुळे रक्तात साठतो आणि डोळ्याचा पडदा कडेकडेनं झिजत जातो. गेलेली नजर परत येणार नाही. पण प्रथिनं कमी केलीत, तर उरलेली जास्त दिवस टिकू शकेल."

"म्हंजी मटान बंद?"

"मटण, अंडी, दूध. डाळसुद्धा मोजून."

त्या दिवसापासून मेहुण्यांच्या खिशात छोटा वजनकाटा आला. लग्नाच्या पंगतीतही ते वरण त्यावर ठेवत आणि खोळंबलेल्या वाढप्याला समजावत, "माझ्या आतला एक कामगार जन्मल्यापास्नं गैरहजर हाय राव. त्याचं काम मलाच करावं लागतंय." कांद्याच्या बाजारात ओळखीचा कुणी भेटला की त्यालाही एन्झाइमवर अर्धा तास ऐकावं लागे.

पथ्य त्यांनी एक दिवसही मोडलं नाही. तरी एकदा त्यांच्या हातून ओरखड्याचा भाग पुढे गेला. कुणी बोललं नव्हतं. तेच साहेबांकडे गेले. "आज येक सुटला, उद्या दुसरा सुटंल. मला हितनं हलवा," म्हणाले. हे मला सांगून झाल्यावर ते म्हणाले, "दाजी, तेवढंच येत व्हतं मला."

आता ते त्याच कंपनीत स्टोअरला असतात. गेल्या रविवारी घरी आले, तेव्हा माझी बायको नेहमीसारखी भावाशेजारी जेवायला बसली. ते हलकेच म्हणाले, "तायडे, समोर बस की. बाजूला बसलीस की दिसत न्हाईस तू."

ती ताट उचलून समोर गेली. मग मी गेलो, मुलंही सरकली. एका बाजूला मेहुणे एकटे ऐसपैस आणि समोर आम्ही चौघं, एकमेकांना कोपरं लावत, जेवत राहिलो.