लिओनोरच्या हक्काचे आठ आठवडे

रविवारी सकाळी आमच्या वॉटसनव्हिलच्या नाणी टाकून कपडे धुवायच्या दुकानात गेलात, तर मागच्या घड्या घालायच्या टेबलावर लिओनोर कागदांचा पसारा मांडून बसलेली दिसेल. समोर कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असतं. कुणाची पाठ गेलेली, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली. आजारपणात किंवा घरच्यांची शुश्रूषा करायला रजा घेतली तर कॅलिफोर्नियाचं सरकार पगाराचा बराचसा भाग देतं, पण तो अर्ज भरता भरता धडधाकट माणूस आजारी पडेल. लिओनोर तो भरून देते. पैसे घेत नाही. कुणी मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले आणले तर घेते, आणि तिखट कमी असलं तर तोंडावर सांगते.

गोठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी सोळा वर्षं एकाच पट्ट्यावर ब्रोकोली निवडतोय. तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्यातली मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. माझ्या मनगटाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझाही अर्ज तिनेच भरला.

"दुखतं किती?" तिने विचारलं.

"थोडंसं," मी म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं. "आज तुझी वेणी कुणी घातली?"

"मुलीने."

"मग थोडंसं कसलं, कोमाद्रे? ही काय भीक आहे? आपल्याच पगारातून दर वेळी कापून घेतलेलं आहे. आहे तेवढं सांग. रतीभर जास्त नको आणि रतीभर कमीही नको."

अशी ही बाई. सगळ्या गावाची दुखणी तिने कागदावर उतरवली आणि स्वतःच्या बापापाशी मात्र तिचं घोडं अडलं.

तिचे वडील फिडेन्सिओ ऐंशी पार केलेले. चाळीस वर्षं वाकून लेट्यूस कापलेला माणूस. तीन वर्षांपासून त्यांना कंपवात. यंदाच्या वसंतात ते घरात एकटे असताना दोनदा पडले. धाकटी बहीण नोएमी फ्रेस्नोला शाळेत स्वयंपाकाला आहे, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती राहायला येणार होती. तोवरचे आठ आठवडे लिओनोरला घरी राहायचं होतं. रजेचे आठच आठवडे मिळतात, ते अगदी पुरत होते. बिनपगारी राहावं तर घरभाडं कोण देणार? पण वडिलांना सांभाळायला माणूस लागतो, असं डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं होतं.

डॉक्टर नवीन होते, त्यांना स्पॅनिश येत नव्हतं. लिओनोरच दुभाषी. गाडी माझी, म्हणून मीही आत जाऊन बसले. आणि फिडेन्सिओ कसे आले होते म्हणता? दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत, पांढरी हॅट गुडघ्यावर दोन्ही हातांनी गच्च धरलेली. कंप कुठे दिसेल?

"कसे आहात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बरा आहे, देवाची कृपा. तुम्ही कसे आहात? घरची मंडळी?"

"जेवण, आंघोळ स्वतः करता?"

"मग काय शेजारी करतात?"

लिओनोरने शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितला. डॉक्टर बिचारे हसले आणि म्हणाले, असं असेल तर मी काय लिहिणार? पुढच्या आठवड्यात पुन्हा या, नीट बोलू.

गाडीत बसल्यावर मी तिच्यावर उखडले. "एवढं इंग्रजी येतं तुला. एक वाक्य इकडचं तिकडे केलं असतंस तर काम झालं होतं."

"त्यांचं बोलणं आहे ते, कोमाद्रे. मी कोण बदलणार?"

मागे फिडेन्सिओ खिडकीबाहेर बघत होते. मला दोघांचाही संताप आला. एकाला खरं बोलवेना, दुसरीला खोटं.

त्या रविवारी तिने वडिलांना दुकानात सोबत आणलं. एकटं कुठे सोडणार? समोर बौदेलिओ आला. ट्रॅक्टर चालवणारा, दारातून तिरका होऊन आत येणारा गडी. मणका सरकलेला.

"तसं ठीक आहे, दोन्या लिओनोर. थोडी उसण भरलीय." मोठ्या बाईला आमच्यात मानाने दोन्या म्हणतात.

"सकाळी मोजे कोण घालतं?"

बौदेलिओ मशीनमध्ये फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बायको."

"बसून की उभ्याने?"

"मी पडलेला असतो. ती घालते." त्याचे डोळे भरून आले. तिने ते लिहून घेतलं. बाकावरून फिडेन्सिओ हे सगळं ऐकत होते. त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत.

दुसऱ्या भेटीला आम्ही तिघं पुन्हा गेलो. बूट चकचकीतच होते.

"कसे आहात?"

"बरा आहे, देवाची कृपा," फिडेन्सिओ म्हणाले. लिओनोरने तसंच सांगितलं. मी मनात कपाळावर हात मारला. मग म्हाताऱ्याने हॅट काढून माझ्या हातात दिली. दोन्ही हात मोकळे झाले आणि मांडीवर थरथरू लागले.

"मिहा," ते लेकीला म्हणाले, "त्यांना सांग, माझी बटणं तू लावतेस. मांस तू कापून देतेस."

तिने सांगितलं.

"मी आंघोळीला जातो तेव्हा तू दाराबाहेर उभी असतेस. तुला वाटतं, मला कळत नाही. तू आहेस म्हणून मी आत जातो."

हेही तिने सांगितलं.

"तू कामावर जातेस त्या दिवशी मी पाणी पीत नाही. प्यायलो तर उठून जावं लागतं. तू येईपर्यंत खुर्चीत बसून राहतो."

लिओनोर थांबली. "अपा," एवढंच म्हणाली. तोंड उघडलं, पण इंग्रजी काही येईना. डॉक्टर एकदा तिच्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघू लागले. शेवटी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीच सांगितलं. पाणी नाही. मुलगी कामावर, पाणी नाही. दिवसभर.

डॉक्टरांनी संगणक जवळ ओढला आणि बरंच विचारलं. आता फिडेन्सिओ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होते, रतीभर कमी नाही की जास्त नाही. डॉक्टरांनी आठ आठवडे लिहिले.

बाहेर दवाखान्याच्या बाकांवर सगळी ओळखीची माणसं बसली होती, निम्मी त्यांच्याबरोबर शेतात राबलेली. लिओनोरने कोपऱ्यातल्या कूलरमधून पाणी आणलं आणि पेला वडिलांच्या तोंडाशी धरला. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग तिच्या हातून सगळं पाणी प्यायले आणि म्हणाले, "अजून आण."