घामोळ्या म्हणून पावडर लावलेल्या कांजिण्या

"या घामोळ्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. गार्गीचा फ्रॉक त्यांनी पाठीवर जेमतेम सरकवला होता. "चिकनपॉक्स आहे. व्हॅरिसेला म्हणतात. आपल्या कांजिण्या."

मंगळवार होता, सकाळचे अकरा. शुक्रवारी दुपारी आमची गाडी होती. माझी लेक गार्गी सात वर्षांची, तिने समुद्र बघितलेला नाही. माझ्या सासूबाई सदुसष्टच्या, त्यांनीही नाही. उमरेडला हातमागावर आयुष्य काढलं, कुठे जायला फुरसत मिळाली नाही बाईला. म्हणून यंदा कोकण ठरवलं होतं आणि दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

मे महिन्यात नागपुरात अंगावर काहीही उठलं की ते घामोळंच असतं, असं आपण धरून चालतो. मीही तेच केलं. रविवारी गार्गीच्या मानेवर दोन-तीन लाल पुटकुळ्या दिसल्या, अंग जरा कोमट होतं. पावडर फासली आणि तिला घेऊन गच्चीवर गेले. सोमवारी छाती-पोट भरलं, तरी मी पावडरच फासली. मंगळवारी पुटकुळ्यांत पाणी दिसलं तेव्हा कुठे दवाखाना आठवला.

डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. तापाला पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन अजिबात द्यायचं नाही, घरातल्या डब्यात पडलेलं असलं तरी. खाजेला कॅलामाइन, म्हणजे ते गुलाबी लोशन. नखं बारीक कापायची, रोज आंघोळ घालायची आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत पोरीला घराबाहेर काढायचं नाही. साधारण आठवडा. लस घेतली होती का, असं त्यांनी विचारलं. कार्डावरचा तो रकाना रिकामा होता. पुढच्या महिन्यात घेऊ म्हणता म्हणता राहून गेली होती.

मग त्यांनी विचारलं, "पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून हे पसरतं. एवढ्यात ही कोणा गरोदर बाईजवळ गेली होती का? तान्ह्या बाळाजवळ?"

"नाही," मी म्हणाले.

मी सदर भागात एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर पेशंटांना सांगते की आधीचं काही असेल ते लपवू नका, फॉर्मवर सगळं लिहा. म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला माझा राग येणार असेल, तर तो मला तुमच्या आधी येऊन गेला आहे. त्या क्षणी मात्र मी खोटं बोलायचं असं ठरवून बोलले नव्हते. डोक्यात एकच चाललं होतं, की मंगळ, बुध, गुरू, तीन दिवसांत फोड वाळतील का.

घरी येताना सिग्नलला थांबले आणि मला पल्लवी आठवली.

पल्लवी आमच्या शेजारच्या कुंदाताईंची मुलगी. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. रविवारी गच्चीवर आम्ही चार बायका मिळून कुरड्या घालत होतो. सक्करदऱ्यात आमच्या गल्लीत अजून ती पद्धत आहे, आज तुमच्या, उद्या आमच्या. पल्लवीला कोणी काम करू देत नव्हतं. ती टाकीच्या सावलीत बसून गरम चीक खात होती आणि गार्गी तिच्याच ताटलीतून खात होती. बाळ लाथ मारतं का ऐकते म्हणून तिच्या पोटाला कान लावून पडली होती. कितीतरी वेळ. कुंदाताईंनी मानेवरच्या पुटकुळ्या बघून विचारलंही होतं. मीच मोठ्या तोऱ्यात म्हणाले, घामोळ्या आहेत हो.

आता खरं सांगते. आठवलं, आणि मी गप्प बसले. मनाची समजूत घालायला कारणं हाताशीच होती. पल्लवीला लहानपणी होऊन गेल्या असतील, सगळ्यांना होतात. फालतूची तिला कशाला घाबरवायचं. या सगळ्याच्या खाली मला माहीत होतं की कुंदाताईंना कळलं म्हणजे गल्लीला कळलं, आणि मग कोणत्या तोंडाने बॅगा उचलून निघणार. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला तर गाडीत कोणाला काय दिसतं, इथपर्यंत माझा विचार पोचला होता. माझा नवरा नितीन म्हणाला, जरा थांबून बघू. त्याला पल्लवीचं मी सांगितलंच नव्हतं.

त्याच दुपारी सासूबाई उमरेडहून बसने आल्या, आमच्याबरोबर निघायचं म्हणून. गार्गीला एकदा बघितलं आणि म्हणाल्या, माता आली. डॉक्टर, लोशन, सगळं ऐकून घेतलं, त्याला त्यांची ना नव्हती. पण घरात फोडणी द्यायची नाही म्हणाल्या, आणि कोपऱ्यावरच्या कडुलिंबाची डहाळी आणून दाराला खोचली.

संध्याकाळी त्या आत पोरीपाशी बसल्या असताना मी ती डहाळी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. आपण कुठल्या जमान्यात राहतो, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण हे होतं की कुंदाताई रोज आमच्या दारावरून दूध आणायला जातात.

बुधवारी सकाळी केर टाकताना सासूबाईंना ती डब्यात दिसली. त्या रागावतील, मातेचा कोप वगैरे म्हणतील, अशी मी तयारी करून उभी होते. उत्तरही तयार होतं. त्यांनी डहाळी झटकून हातात घेतली.

"काहून काढली वं? हे मातेसाठी नाही लावत, माणसांसाठी लावते. दारात लिंब दिसला का पोटुशी बाई पायरी चढत नाही. लेकुरवाळी आपलं लेकरू घेऊन आत येत नाही. त्यायले कळावं म्हणून असते ते."

त्यांना गच्चीवरचं काहीच माहीत नव्हतं. त्या सहज बोलून नवी डहाळी आणायला गेल्यासुद्धा. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. नितीनला सांगितलं. त्याने मोबाइल काढला, तिकिटं रद्द केली आणि मग म्हणाला, "तू आधी डॉक्टरले फोन लाव."

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, आत्ताच्या आत्ता तिला सांगा. आधी कांजिण्या झाल्या असतील तर रक्तात दिसतं, व्हॅरिसेला आयजीजी नावाची तपासणी आहे. झाल्या नसतील तर इम्युनोग्लोब्युलिन देता येतं, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, बाळालाही धोका असतो. हे त्यांनी शांतपणे सांगितलं.

मी कुंदाताईंच्या फाटकाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. आत गेले नाही. कुंदाताई आठवायला लागल्या, पण त्यांना नक्की सांगता येईना. पोरांपैकी एकाला खूप फोड आले होते, ते पल्लवीला की तिच्या भावाला, कोण जाणे. पल्लवी व्हरांड्यात होती. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, तुम्हाले कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"सकाळी अकराला."

ती ओढणी घ्यायला आत गेली. मायलेकी रिक्षाने दवाखान्यात गेल्या आणि तिथे रक्त दिलं. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता.

ते दोन दिवस गार्गीचे सगळ्यात वाईट होते. तोंडात, डोक्यात, जिथे बोट ठेवू नये तिथे फोड. ताप एकशेदोन. सासूबाई तिचे हात धरून बसायच्या, खाजवू नको म्हणून उमरेडच्या गोष्टी सांगायच्या. आंघोळीवरून आमची जराशी जुंपली. त्यांच्या मते पाच दिवस अंगाला पाणी लावायचं नाही. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, लिंबाचा पाला टाकायचा असेल तर टाका, पण आंघोळ घाला. दोघींचंही झालं. सहलीचा विषय सासूबाईंनी काढला नाही. नवी चप्पल तेवढी बॅगेतून काढून परत खोक्यात ठेवली, आणि ते बघून मला रडू आलं.

शुक्रवारी दुपारी आमची गाडी सुटायच्या वेळी मी कूलरसमोर फोन हातात घेऊन बसले होते. एकदाचा कुंदाताईंचा फोन आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. म्हणजे लागण झाली, असंच मला वाटलं. मग त्यांनी समजावलं की इथे पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, तिला लहानपणी होऊन गेल्या आहेत, आता तिला आणि बाळाला भीती नाही. मी देवासमोर जाऊन उभी राहिले. काय मागायचं ते सुचेना, कारण हवं ते मिळालं होतं.

आठ दिवसांनी गार्गीच्या खपल्या वाळल्यावर मी माफी मागायला गेले. पल्लवीने बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"रिपोर्ट चांगला आला म्हणून मी रागावली नाही, असं समजू नका," ती म्हणाली. "एक पुरा दिवस तुम्हाले माहीत होतं आणि मले नव्हतं."

मी हो म्हणाले.

तुमच्या घरी असं काही निघालं, तर फोड किती दिवसांत वाळतील ते मागाहून मोजा. आधी पोरगं कोणाकोणाजवळ जाऊन आलं ते आठवा आणि त्यांना फोन करा. कोणी चिडेल, कोणी चार शब्द सुनावेल. ऐकून घ्या.

ऑगस्टमध्ये पल्लवीला मुलगी झाली. बारशाला मी नवी साडी नेसून, झबलं-टोपडं घेऊन निघाले. सकाळपासून घसा जरा खवखवत होता. विशेष काही नव्हतं, आणि कोणी विचारतही नव्हतं. दारात बायकांची गर्दी होती, आतून हाका येत होत्या. मी पायरीखालीच थांबले आणि पल्लवीला ऐकू जाईल असं म्हणाले, माझा घसा धरलाय, मी आत येत नाही.

बायका वळून बघायला लागल्या. पल्लवी पाळण्यापासून उठली, बाळाला घेऊन खिडकीशी आली आणि बंद काचेतून तिने मला लेकीचं तोंड दाखवलं.