पाटावरचं मशीन

ताराआत्या रागावली की ओरडायची नाही, मेन स्विच खाली ओढायची. पंखा, टीव्ही, मिक्सर, सगळे एकदम गप्प. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर वाल सोलत बसायची आणि म्हणायची, "आता ऐकू येतंय का माझं? नाय? मग बसा तसेच."

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात तिचं घर होतं. माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं, आणि बोली तिने तिथलीच ठेवली होती. नवरा गेल्यावर कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटून तिने दोन मुलगे वाढवले आणि घराला पुढे हॉल बांधला. त्या हॉलचा एक कोपरा गणपतीचा. तिथे वर्षभर ती खुर्चीसुद्धा ठेवू द्यायची नाही. "आपण भाडेकरू, त्यो मालकाचा कोपरा हाय," म्हणायची.

थोरल्या दिनेशने मुंबईहून कॅसेटवाला व्हिडिओ गेम आणला आणि आळीतली पोरंच काय, बाप्येही हॉलमध्ये जमू लागले. धाकट्या नरेशला ते सोसवेना. त्याने सीडीवाला गेम आणला. त्यावर खेळ, गाणी, पिक्चर, सगळंच चालायचं. "तुझा डबा माळ्यावर टाक आता," तो भावाला म्हणाला. झालं! दिनेशने ईर्ष्येने व्हीसीआर आणला, मोठे स्पीकर आणले. टीव्हीला कुणाची वायर लागणार यावरून रोज जुंपायची. शेवटी नरेशने दुसरा टीव्ही आणून गणपतीच्याच कोपऱ्यात मांडला. हॉल कुणाच्या मशीनचा, एवढ्यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आत्या स्विच ओढायची, मुलगे तो पुन्हा वर करायचे. तिने घाम गाळून बांधलेल्या हॉलमध्ये तिलाच बसायला जागा नव्हती. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

आमच्याकडे श्रावणाच्या आधी घरचा पाट पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर बसवून घरी येते. आत्या दरवर्षी स्वतः एसटीने पाट घेऊन यायची. त्या वर्षी गुडघे धरले म्हणून तिने नरेशला सांगितलं. तो म्हणाला, "दिला, आये."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती मूर्ती न्यायला पेणला आली. मी, तिच्या भावाची मुलगी, पेणमध्येच रामवाडीला राहत होते, तिच्यासोबत कारखान्यात गेले. कारखानदार गोंधळला. "तुमचा पाट आलाच नाय, आत्या. मला वाटलं, यंदा सुतक हाय." त्याने कुणी न नेलेली एक मूर्ती पुढे केली. आत्या म्हणाली, "पाट माझा नाय, तर देव माझा कसा?" ती रिकाम्या हाताने निघाली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही एसटीत बसले.

घरात शिरताच तिने नरेशच्या मशीनखालचं फडकं ओढलं. खाली पाट!

"खालून ओल यायची, आये. मशीन बिघडलं असतं," नरेश पुटपुटला.

दिनेश हसला. "मला ठाव होतं. म्हटलं, पकडला जाऊ दे."

आत्या त्याच्याकडे वळली. "त्यानं येक पाप केलं. तू रोज बघून रोज केलंस."

चतुर्थीला तिने पाट धुतला, स्वयंपाकघरात मांडला आणि त्यावर गणपती म्हणून सुपारी पुजली. आरतीची वेळ झाली तशी नरेशने आरतीची सीडी लावली. लगेच दिनेशने आपली कॅसेट घातली. दोन टीव्हींवरून दोन वेगळ्या आरत्या, दोन्ही फुल आवाजात. आत आम्ही दोघी टाळ्या वाजवत होतो. माझा मलाच आवाज ऐकू येईना. लाज कशी वाटली नाही या मुलांना?

आरती संपल्यावर आत्याने मोदकांच्या दोन वाट्या भरल्या. मुलांनी हात पुढे केले. ती त्यांना ओलांडून गेली आणि एकेक वाटी दोन्ही मशीनपुढे ठेवली. "आरती यांनी केली. परसाद पण यांनाच."

विसर्जन उरकून ती माझ्याबरोबर पेणला आली ती कायमचीच. दिनेश न्यायला आला. म्हणाला, "नरेशला मशीन काढायला सांग, मग मी माझं काढतो." पुढच्या आठवड्यात नरेश आला, तोही तेच म्हणाला. आत्याने दोघांनाही दारातूनच सुनावलं, "आये हवी, असं बोल. मशीनचं नको." एकाच्याही तोंडून ते निघालं नाही.

काही वर्षांनी आत्या माझ्याच घरी वारली. तोवर दोन्ही मशीनं भंगारात गेली होती. सरणापाशी दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. लोक म्हणाले, "आईनं जाता जाता पोरांना एकत्र आणलं." मला संताप आला. तिच्या डोळ्यांदेखत एकदा तरी असे उभे राहिले असते, तर ती परत गेली असती.

तेराव्याला दोघे माझ्याकडे आले. "आये आमच्याबद्दल शेवटी काय बोलली?"

लोकांनी असं काही विचारलं की आपण दोन गोड शब्द घालून देतो. माझ्याही जिभेवर आले होते. पण आत्याने मला आधीच बजावलं होतं, "सुमे, मी गेल्यावर दोघं इचारतील. आयेनं माफ केलं, असं सांगू नको गो."

मी त्यांना तिचं ते बजावणंच सांगितलं, तिच्याच शब्दांत.