काकूंच्या चष्म्याची टिकटिक

आमच्या शेजारच्या खरखरकाकांचं खरं नाव गल्लीत कुणी घेत नाही. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथून गाण्यांपेक्षा खरखरच जास्त ऐकू यायची, म्हणून हे नाव पडलं. माणूस हुशार, पण वस्तू जागेवर ठेवण्याच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद. माझी पक्कड कुठे, किल्ली कुठे, असं दिवसभर विचारायचे. काकू हातातलं काम न सोडता उत्तर द्यायच्या आणि वर 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' हेही ऐकवायच्या. भिंतीपलीकडून ते रोज ऐकून मला वैताग यायचा.

काकू गेल्या आणि प्रश्न तेवढे उरले. काका सवयीने विचारायचे आणि मग एकदम गप्प व्हायचे. ते गप्प होणं मला सहन होत नसे.

मग त्यांनी एक उद्योग काढला. औषधाच्या बाटलीच्या झाकणात मावेल एवढे ट्रान्समीटर बनवायला घेतले. आत एक ट्रान्झिस्टर, पेनाच्या रिफिलवर वळून काढलेली तारेची गुंडाळी आणि घड्याळाचा चपटा सेल. एक किल्ल्यांना बांधला, एक छत्रीला, एक पकडीला. रेडिओच्या पट्टीवर प्रत्येकाची जागा वेगळी. काटा किल्ल्यांच्या जागी नेला की खिशातल्या रेडिओतून टिकटिक यायची, आणि जवळ जावं तशी वाढायची. अगदी जवळ आल्यावर मात्र एरियल आत ढकलायची, नाहीतर सगळीकडून सारखंच ऐकू येतं. जवळचं शोधायचं तर थोडं बहिरं व्हावं लागतं, असं काकांनी मला समजावलं. मी म्हटलं, ते तुम्हाला आधीपासून जमतं. काकू असत्या तर हसल्या असत्या. काका हसले नाहीत.

त्यांची लेक दूरच्या शहरात राहते. किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्याचं काकांनी तिला फोनवर गमतीने सांगितलं, पण तिला ती गंमत वाटली नाही. तिने मला फोन केला. बाबांचं विसरणं असंच वाढत असेल तर रविवारी येऊन त्यांना घेऊन जाते आणि घराला कुलूप लावते, म्हणाली. काकांना हे कळल्यावर त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. त्यांना या घरातून हलायचं नव्हतं.

आणि नेमका त्याच रविवारी रेडिओच हरवला.

लेक रिकामी बॅग घेऊन दारात उभी, आणि काका मला हाका मारतायत. मी कपाळाला हात लावला. पण काकांचं डोकं तल्लख. रेडिओ चालूच आहे, म्हणाले, तेव्हा आता उलटं करायचं. ट्रान्समीटर घेऊन घरभर फिरायचं, रेडिओ जवळ आला की तोच बोलेल. मी किल्ल्या घेऊन फिरले. काही नाही. छत्री घेऊन फिरले, पक्कड घेऊन फिरले, तरी काही नाही. काटा ज्या जागी असेल तीच वस्तू रेडिओला ऐकू येणार, आणि काटा कुठे होता ते काकांना पक्कं ठाऊक होतं. पण ते मान खाली घालून बसून राहिले. लेकीचा चेहरा उतरत चालला होता.

तिने फडताळावरून आईच्या चष्म्याचं घर उचललं. त्याच्या खाली एक झाकण चिकटवलेलं होतं.

"आईचा चष्मा कुठे हरवणार आहे, बाबा?"

ती ते घेऊन आतल्या खोलीत गेली. पलंगावर काकूंच्या बाजूला घडी घातलेली गोधडी होती. तिच्या आतून टिकटिक यायला लागली, बारीक आणि संथ. मला एकदम रडू आलं.

"झोपताना एरियल आत ढकलून दोन्ही उशाशी ठेवतो," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "घरात कुणीतरी आहे असं वाटतं. सकाळी चष्मा जागेवर ठेवला, आज रेडिओ तेवढा राहिला."

लेक पलंगावर बसली. बराच वेळ तिने तो रेडिओ बंद केला नाही.

"तुम्ही काहीच विसरत नाही, बाबा."

"विसरलो असतो तर बरं झालं असतं."

बॅगेत काही भरलं गेलं नाही. चला ना माझ्याकडे, असं तिने एकदा विचारलं. काका नाही म्हणाले, आणि तिने ते मानलं. काका जिंकले, पण संध्याकाळी ती निघाली तेव्हा जिंकल्यासारखे दिसत नव्हते. ती चपला घालत असताना त्यांनी एक झाकण हळूच तिच्या पर्समध्ये टाकलं. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

काका एरियल पूर्ण ओढून दारात उभे राहिले. ती गल्लीच्या वळणापर्यंत टिकटिकत गेली. मग नुसती खरखर उरली. काका तीच ऐकत उभे होते.