सुदाम बेडकाला पोहता येत नव्हतं

आमची कंपनी तेव्हा आसाममध्ये होती. मी लान्स नायक होतो. सेक्शनमध्ये आपल्याकडचे आम्ही दोघंच. मी धरमतर खाडीकाठचा, शिपाई सुदाम रोह्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा.

सुदामला सगळे बेडूक म्हणत. नाव मीच ठेवलं होतं. ट्रेनिंग सेंटरला उस्ताद शिक्षा म्हणून बेडूकउड्या मारायला लावत. आम्ही अर्ध्या मैदानात आडवे व्हायचो. हा फेरी पूर्ण करून विचारायचा, "उस्ताद, अजून हायत का?" त्याला ते नाव आवडायचं. सेक्शनच्या रबरी बोटीवर हिरवा बेडूक त्यानेच रंगवला. हिंदी बोलणाऱ्या साहेबांचा तो 'मेंढक' झाला.

त्याला पोहता येत नाही, हे फक्त मला माहीत होतं.

दरवर्षी पोहण्याची चाचणी व्हायची. नापास झाला की महिनाभर तलावावर क्लास आणि सुट्टी बंद. त्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं, यमुनाचं लग्न होतं.

"दादा, तू खाडीवाला. माझ्या नावानं मार ना दोन हात."

"पकडलो तर?"

"तर उड्या. तुझ्या वाटच्या पण मीच मारीन."

चाचणी घेणारा हवालदार दुसऱ्या कंपनीचा, चेहरे न ओळखणारा. मी दोनदा पोहलो. रजिस्टरमध्ये सुदामच्या नावापुढे 'उत्तम' लागलं. तो लग्नाला जाऊन आला.

चार महिन्यांनी पूर आला. सकाळी सहा चाळीसला ऑर्डर मिळाली. पलीकडे शाळेच्या छपरावर गावकरी अडकले होते. बोट नेण्याआधी कुणीतरी दोर घेऊन पलीकडे जायला हवं होतं. कंपनी कमांडर नवे होते. सुभेदारसाहेबांनी रजिस्टरमधली 'उत्तम'वाली नावं वाचली. त्यात माझंही होतं. सुदामच्या नावाला मागून कुणीतरी ओरडलं, "मेंढक, साब!"

साहेब हसले. "फिर तो मेंढक ही जाएगा."

सुदामने माझ्याकडे पाहिलं. 'साहेब, मी जातो' किंवा 'त्याला पोहता येत नाही', एवढंच मला म्हणायचं होतं. पाण्यातून ओंडके वाहत होते. चाचणीचं बाहेर आलं तर माझी लान्स नायकाची फीत जाणार होती. मला दोन्हींची भीती वाटली. मी गप्प राहिलो.

तो हळूच म्हणाला, "छातीइतकंच दिसतंय. चालत जाईन. तू दोर सोडत राहा."

सात दहाला तो उतरला. कधी पाय टेकत, कधी उडी मारत पलीकडे पोचला. झाडाला दोर बांधून हात वर केला. मी वायरलेसवर म्हणालो, "रस्सी लग गई. ओव्हर." बोटीच्या चार फेऱ्यांत सगळे गावकरी आले. शेवटच्या फेरीला बोट भरली, म्हणून सुदाम दोर धरून मागून निघाला. काठ दहा पावलांवर असताना ओंडका आदळला आणि त्याचा हात दोरावरून सुटला. पोहणारा माणूस काठाला लागला असता. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

रिपोर्टमध्ये 'कुशल पोहणारा' असं लिहिलं गेलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

गेल्या महिन्यात मी रोह्याला यमुनाताईंकडे गेलो. सगळं सांगितलं. चाचणीचं, लग्नाचं, माझ्या गप्प बसण्याचं.

त्या म्हणाल्या, "आमच्या वाडीत पोहण्याएवढं पाणी हाय कुठं? आमाला वाटलं, फौजेत शिकला असंल."

"नाय शिकला."

"आणि तुमाला येत होतं."

"व्हय."

त्यांनी मला माफ केलं नाही. मीही माफी मागितली नाही. उठताना म्हणाल्या, "खरं काय ते लिवून ठेवा."

म्हणून लिहितो. शिपाई सुदाम पोहता येत नसताना पाण्यात उतरला. त्याने दोर बांधला. छपरावरचा एकही माणूस मेला नाही.